शाकाहारी असूनही पॉलिप

‘शाकाहारी माणसाला आतड्यात पॉलिप होत नाहीत’ असं कुणीतरी लिहिलंय, म्हणून राहवलं नाही. पॉलिप म्हणजे आतड्याच्या आतल्या अस्तरावर वाढणाऱ्या छोट्या गाठी, ज्यांचा पुढे कर्करोग होऊ शकतो. माझे मोठे दीर पंचवटीत राहतात, अंडंसुद्धा खात नाहीत. शौचातून रक्त जायचं, तर मूळव्याध समजून सहा महिने मलम लावत बसले. शेवटी कोलोनोस्कोपीत, म्हणजे दुर्बिणीने मोठं आतडं आतून तपासल्यावर, दोन पॉलिप निघाले. तिथल्या तिथे तारेच्या फासाने कापले आणि संध्याकाळी घरी मऊ भात! खरा छळ आदल्या रात्रीचा. पोट साफ करायचं ते खारट औषध ग्लासामागून ग्लास, आणि संडासाची कडी काही सुटत नाही.

प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेने २०१५ मध्येच जाहीर केलंय, ते खरंच. पण सिगारेट, दारू, सुटलेलं पोट, दिवसभर गल्ल्यावर बसणं यांनीही धोका वाढतो. दिरांची सिगारेट तीस वर्षांची. मिसळीतल्या मटकीत तंतू असतात, हा त्यांचा लाडका मुद्दा. असतात हो, पण तर्रीसोबत चार पाव जातात त्याचं काय? आता सकाळी गोदापार्कला चालतात, रात्री बाजरीची भाकरी.

तरी वय आणि आनुवंशिकता कुणाला चुकत नाही. पॉलिपचा कर्करोग व्हायला साधारण दहा वर्षं लागतात, म्हणून तर तपासणीला अर्थ. सख्खा भाऊ म्हणून डॉक्टरांनी आमच्या ह्यांनाही बोलावलंय. हे म्हणतात, द्राक्षाची छाटणी उरकली की बघू. गेल्या वर्षीही छाटणीच होती.