शर्टाची ताठ छाती नुसत्या इस्त्रीने होत नाही

टेलकोटाच्या, म्हणजे मागे लांब शेपटं असलेल्या औपचारिक कोटाच्या, आतल्या पांढऱ्या शर्टाची छाती इतकी ताठ राहते ती निव्वळ कडक इस्त्रीमुळे, असं कुणीतरी म्हटलंय. मी शिवणकाम करतो, म्हणून लिहिल्यावाचून राहवत नाही.

छातीवरचा तो भाग मुळात वेगळा जोडलेला दुहेरी तुकडा असतो. कापड बहुधा मार्सेला, म्हणजे बारीक उठावदार विणीचं सुती. त्या विणीत खळ छान मुरते. नीट खळ देऊन इस्त्री केलेल्या छातीवर बोटाने टकटक करून बघा, पुठ्ठ्यासारखा आवाज येतो! एवढ्या कडक थरांतून शिवलेलं बटण ओढणं अवघड, म्हणून दोन्ही बाजूंना काजंच करतात आणि सुटे स्टड, म्हणजे काढता-घालता येणारी बटणं, आरपार घालतात.

खरी कारागिरी त्या तुकड्याच्या लांबीत आहे. तो पँटच्या कमरेच्या वरच संपला पाहिजे. खाली उतरला तर माणूस बसल्याबरोबर कमरेचा पट्टा त्याला वर ढकलतो आणि छाती कबुतरासारखी फुगते. त्यासाठीच खाली एक छोटी जीभ असते, काज असलेली. ती पँटच्या आतल्या बटणाला अडकवायची. ती कापून टाकू नका, फार कामाची आहे.

काळ्या बो-टायबरोबर चुण्यांची मऊ छाती चालते. पांढऱ्या बो-टायला, नोबेल समारंभात असतो तशा पोशाखाला, ताठच हवी. पूर्वी नुसती छातीच वेगळी मिळायची, सेल्युलॉइडची, म्हणजे एका जुन्या प्लॅस्टिकची सुद्धा. ओल्या फडक्याने पुसली की स्वच्छ.