सहा महिने पुरणार नाहीत
मुलांच्या पुनर्वसनाचा, म्हणजे हालचाल आणि रोजची कामं सुधारण्याच्या उपचारांचा डॉक्टर व्हायला बालरोगतज्ज्ञाने सहा महिने पुनर्वसन विभागात काढले की झालं, असं एक मत आहे. ते पटलं नाही. अमेरिकेत या उपशाखेसाठी पुनर्वसनवैद्यकाच्या रेसिडेन्सीनंतर (एमडीसारख्या प्रशिक्षणानंतर) २ वर्षांची फेलोशिप, म्हणजे पुढचं खास प्रशिक्षण असतं. बालरोग आणि पुनर्वसन एकत्र शिकवणारी रेसिडेन्सी ५ वर्षांची.

एवढा वेळ लागतो, कारण पेशंट वाढत असतो. उदाहरणार्थ सेरेब्रल पाल्सीत, म्हणजे लहानपणीच मेंदूला इजा होऊन हालचाली बिघडतात त्या विकारात, ती इजा वाढत नाही. पण हाडं लांबतात, ताठर स्नायू मागे पडतात आणि बरं चालणारं मूल काही वर्षांत वाकलेल्या गुडघ्यांनी चालू लागतं. खुब्याचा सांधा तर दुखायच्या आधीच सरकायला लागतो, म्हणून ठरावीक काळाने एक्स-रे काढावे लागतात. ताठर स्नायू सैल करणारं बोटॉक्सचं इंजेक्शन कुठल्या स्नायूत द्यायचं हे लवकर शिकता येईल हो. पण कधी द्यायचं नाही, शस्त्रक्रियेसाठी किती थांबायचं, हे तेच मूल पुन्हा पुन्हा तपासल्याशिवाय कळत नाही. सहा महिन्यांत ते फार तर दोनदा दिसेल.

शिवाय ही मुलं मोठी झाली की त्यांना मोठ्यांच्या डॉक्टरकडे कसं सोपवायचं, हेही प्रशिक्षणातच यायला हवं. एरवी तो भार आईवडिलांवरच पडतो.