मदत हवी आहे : कॅमेरे आले की टॅली बंद, टॅली आली की कॅमेरे गायब!

मंडळी, वागळे इस्टेटमध्ये मेहुण्याचा गाळा आहे. खाली गोडाऊन, वर ऑफिस. मी हिशेबाचा माणूस, पण 'तुला कॉम्प्युटरचं कळतं ना' म्हणून नेटवर्क माझ्याच गळ्यात.

दोन्ही मजल्यांवर एकेक २४ पोर्टचा मॅनेज्ड स्विच (नेटवर्कच्या वायरी जोडायचा, सेटिंग बदलता येणारा डबा). व्हीलॅन (त्याच स्विचवर पाडलेलं वेगळं नेटवर्क) १० मध्ये टॅलीचे (हिशेबाचं सॉफ्टवेअर) पीसी, २० मध्ये कॅमेरे. सर्व्हर आणि एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) वरच्या मजल्यावर. स्विच एकमेकांना पोर्ट २४ ने जोडलेत. तो पोर्ट १० मध्ये, अनटॅग्ड (म्हणजे डेटावर व्हीलॅनचा नंबर न लावता). टॅली खाली-वर मस्त चालते. कॅमेरे मात्र एनव्हीआरवर येईनात. वरच्या स्विचच्या मॅक टेबलात (कोणतं उपकरण कोणत्या पोर्टवर, ती यादी) २० खाली एकटा एनव्हीआर, खालच्यात सहाही कॅमेरे. आपापल्या मजल्यावर सगळे हजर, जिन्यात कोणीतरी अडवतंय.

मग डोकं लढवलं. २० साठी पोर्ट २३ ला वेगळी केबल टाकली. कॅमेरे आले! दोन मिनिटांत खालून हाक, "दादा, बिल निघत नाहीये." केबल काढली, बिल निघालं. काल चार वेळा जिना चढलो-उतरलो. चुकतंय कुठे?

तारवाला : दोन स्विचमध्ये दोन वायरी म्हणजे आरएसटीपीच्या (स्विचमधली लूप रोखणारी सोय) लेखी लूप, डेटा गोल-गोल फिरत राहायचा धोका. साधं आरएसटीपी व्हीलॅन बघतच नाही, एक पोर्ट बंद करतं. बाकी सगळं सारखं असेल तर लहान नंबरचा पोर्ट चालू राहतो, म्हणून २३ वाचला आणि २४ बरोबर टॅली गेली. आरएसटीपी बंद करायच्या फंदात पडू नका (कोणीतरी सुचवेलच).

एकच केबल ठेवा. दोन्हीकडे पोर्ट २४ ला २० टॅग्ड करा, १० आहे तसा राहू द्या. टॅग म्हणजे फ्रेममध्ये (डेटाच्या पाकिटात) सोर्स मॅकच्या (पाठवणाऱ्याच्या पत्त्याच्या) नंतर वाढवलेले ४ बाइट. त्यातले १२ बिट व्हीलॅन नंबरचे. पलीकडचा स्विच तो नंबर वाचतो, फ्रेम २० च्याच पोर्टना देतो, आणि एनव्हीआरच्या पोर्टवर टॅग काढून टाकतो. कॅमेऱ्यांचे आणि एनव्हीआरचे पोर्ट मात्र अनटॅग्ड २०, पीव्हीआयडीही (टॅग नसलेली फ्रेम आत आली की पोर्ट तिला देतो तो व्हीलॅन नंबर) २०.

धागाकर्ता : झालं! सहाही दिसतायत. आता मेहुण्याला त्याच्या पीसीवर कॅमेरे हवेत. तो १० मध्ये, एनव्हीआरला पिंगच (पोचतंय का बघायचा संदेश) जात नाही.

तारवाला : जाणार नाहीच, वेगळे करायलाच तर व्हीलॅन केलेत. राउटर लागेल, नाहीतर लेयर ३ स्विच (राउटरचं कामही करणारा). दोन्ही व्हीलॅनना वेगळा सबनेट (आयपी पत्त्यांचा गट) आणि गेटवे (त्या गटाबाहेर जायचं दार) द्या, एनव्हीआरमध्येही गेटवे भरा. तिथेच लोक विसरतात.

धागाकर्ता : आमच्या राउटरमध्ये व्हीलॅनचं पानच नाही. शनिवारी नवा घ्यायला लॅमिंग्टन रोड (मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) गाठतो, बिल मेहुण्याच्या नावावर.