शहराची आपत्तीसिद्धता: गुणपत्रकावर किती विसंबावे?

कार्यगट सदस्य:
नमस्कार. शहराची आपत्तीसिद्धता तपासणाऱ्या एका कार्यगटात नागरिक प्रतिनिधी म्हणून माझी नेमणूक झाली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आपत्ती जोखीम न्यूनीकरण कार्यालयाने सेंदाई आराखड्याला, म्हणजे आपत्तींची जोखीम कमी करण्याच्या आंतरराष्ट्रीय आराखड्याला, धरून शहरांसाठी जे गुणपत्रक तयार केले आहे, त्याची प्राथमिक पातळी, म्हणजे ४७ प्रश्न आणि प्रत्येकी ० ते ३ गुण, आम्ही दोन दिवसांच्या बैठकीत पूर्ण केली. बहुतेक रकान्यांत २ किंवा ३ गुण पडले आणि तेव्हापासूनच माझ्या मनात शंका आहे. उत्तर देणारा विभाग आणि गुण सुचवणारा विभाग एकच होता. शहराच्या आपत्ती आराखड्याची प्रत टेबलावर ठेवली की पूर्ण गुण मिळत होते. सुट्टीत मी त्याच प्रतीत छापलेला नियंत्रण कक्षाचा क्रमांक सहज लावून पाहिला, तर तो दोन वर्षांपूर्वी बदली होऊन गेलेल्या अधिकाऱ्यांचा निघाला. आता सविस्तर पातळीकडे, म्हणजे ११७ निकष आणि ० ते ५ गुणांच्या मूल्यांकनाकडे वळावे, असा प्रस्ताव आहे. त्याने चित्र खरे होईल का, की कागद तेवढे वाढतील?

निवृत्त अभियंता:
प्रश्न वाढवल्याने उत्तरे खरी होत नाहीत. पुरावा काय मानायचा हे आधी ठरवले नाही, तर ४७ ठिकाणी झालेली चूक ११७ ठिकाणी होईल. मुळात हे गुणपत्रक सर्वाधिक संभाव्य आणि सर्वाधिक तीव्र अशा दोन आपत्ती गृहीत धरून भरायचे असते. किती पाणी, कोणत्या भागात, किती तास, किंवा किती तीव्रतेचा भूकंप, हे लिहून न घेता दिलेल्या ३ गुणांना अर्थ उरत नाही, कारण ती सिद्धता कशाच्या तुलनेत मोजली हेच कळत नाही. तुमच्या बैठकीत हे झाले होते का?

दुसरी गोष्ट माझ्या क्षेत्रातली आहे. यंत्रणा क्वचितच एकेकटी कोसळते. ती कोसळते ती दुसऱ्या यंत्रणेला जिथे जोडलेली असते तिथे. २०१२ मध्ये सँडी वादळाच्या वेळी न्यूयॉर्कमधील बेलव्ह्यू रुग्णालयात जनरेटर तेराव्या मजल्यावर, पाण्यापासून अगदी सुरक्षित होते. त्यांना इंधन पोहोचवणारे पंप मात्र तळघरात होते आणि तळघरात पाणी शिरले. जिन्यावर माणसांची रांग लावून इंधन हातोहात वर चढवावे लागले आणि शेवटी रुग्णांना हलवावेच लागले. 'पर्यायी वीजव्यवस्था आहे का?' या प्रश्नाला तिथे कोणीही प्रामाणिकपणे 'होय' म्हटले असते. म्हणून विभागांना वेगवेगळे बोलावू नका. पाणीपुरवठा, वीज, दूरसंचार आणि रुग्णालये यांना एका नकाशाभोवती बसवा आणि प्रत्येकाला एकच विचारा: तुमचे काम चालू राहण्यासाठी यांच्यापैकी कोणाचे काम चालू असावे लागते, आणि ते थांबले तर तुम्ही किती तास तग धराल? मौनच बरेच काही सांगून जाते.

सराव निरीक्षक:
अभियंता साहेबांशी सहमत आहे. रंगीत तालमीबद्दल थोडी भर घालतो, कारण गुण सर्वांत सहज तिथेच वाटले जातात. 'वर्षातून एकदा तालीम होते' एवढ्यावर पूर्ण गुण देऊ नयेत. अमेरिकेत जुलै २००४ मध्ये 'हरिकेन पॅम' नावाचा सराव झाला, त्यात न्यू ऑर्लिन्सवर मोठे चक्रीवादळ धडकल्याची कल्पना केली होती, आणि स्वतःचे वाहन नसलेल्यांना बाहेर कसे काढायचे हा प्रश्न तेव्हाच समोर आला होता. तेरा महिन्यांनी कॅटरिना हे खरे चक्रीवादळ तिथे आले, तेव्हा त्या प्रश्नाचे उत्तर तयार नव्हते. तालमीनंतरची टिपणे मागा. त्यांतल्या किती त्रुटी दूर झाल्या ते मोजा आणि त्यावर गुण द्या.

याची दुसरी बाजूही आहे. १९ सप्टेंबर २०१७ रोजी मेक्सिको सिटीत १९८५ च्या भूकंपाच्या स्मरणार्थ तालीम झाली आणि सुमारे दोन तासांनी खराखुरा भूकंप आला. केंद्र तुलनेने जवळ असल्यामुळे इशाऱ्याचा भोंगा आणि हादरे जवळजवळ एकाच वेळी जाणवले. म्हणजे पूर्वसूचनेची यंत्रणा असूनही ती किती सेकंद देईल हे भूकंप कुठे होतो यावर ठरते. तालीम मात्र बहुधा भोंगा वेळेवर वाजेल असे धरूनच घेतली जाते.

वस्ती स्वयंसेविका:
आतापर्यंतची चर्चा यंत्रणांभोवतीच फिरते आहे, म्हणून लिहिते. जपानमधील कोबे येथे १९९५ च्या भूकंपात ढिगाऱ्याखालून वाचवलेल्यांपैकी बहुतेकांना कुटुंबीयांनी आणि शेजाऱ्यांनीच बाहेर काढले. मदत पथके येईपर्यंतचे तास शेजाऱ्यांचे असतात. तरीही समाजाच्या क्षमतेचे गुण माहितीपत्रके किती वाटली यावरून दिले जातात, हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे. एखादी गल्ली निवडा आणि तिथे एकट्या राहणाऱ्या, चालता न येणाऱ्या व्यक्ती कोणत्या घरात आहेत हे कोणाला ठाऊक आहे ते विचारा. उत्तर फक्त कार्यालयातल्या यादीत सापडले, तर ते रात्री दोन वाजता कामाला येणार नाही.

कार्यगट सदस्य:
सर्वांचे आभार. आपत्तीची दोन चित्रे आम्ही आधी ठरवली नव्हती, हे मान्य करतो. सविस्तर पातळीला एक ते चार महिने लागू शकतात. त्याआधी नकाशाभोवतीची बैठक घ्यावी, असे मी सुचवले आहे. निधीच्या प्रश्नाबद्दल कोणी सांगू शकेल का? आम्ही तिथे राखीव निधी आहे म्हणून ३ गुण दिले.

निवृत्त अभियंता:
निधी किती, यापेक्षा पहिल्या रात्री तो कोणाच्या सहीने खर्च होतो आणि ती व्यक्ती न सापडल्यास अधिकार कोणाकडे जातो, हे लेखी दाखवायला सांगा. आणि तो दूरध्वनी क्रमांक बदलला का?

कार्यगट सदस्य:
नाही. काल पुन्हा लावून पाहिला. त्या प्रश्नासमोरचे ३ खोडून ० केले आहेत आणि शेऱ्याच्या रकान्यात दोन्ही वेळच्या फोनची तारीख व वेळ लिहिली आहे.