नो एंट्रीचं २०,०००चं ई-चलान, गाडी मात्र मीडियम. लढावं का?

सहाचाकी: शहरात सकाळी ८ ते ११ ‘जड वाहनांना’ बंदी आहे. १०:५२च्या फोटोवरून चलान आलंय, मोटार वाहन कायद्याचं कलम ११५/१९४(१), २०,००० रुपये. आरसीवर जीव्हीडब्ल्यू (मालासकट गाडीचं कमाल वजन) ११,९९० किलो, गाडी रिकामी होती. फोटो ३ तारखेचा, मेसेज २७ला आला. पुढच्या महिन्यात गाडीची फिटनेस तपासणी आहे. भरून मोकळं व्हावं का?

वजनकाटा: भरू नका. भरलंत की कलम २००खाली तडजोड झाली, मग भांडायला काही उरत नाही.

तुमचा हुकमी पत्ता आरसीवरच आहे. कलम २(१६)प्रमाणे जड मालवाहू म्हणजे जीव्हीडब्ल्यू १२,००० किलोच्या वर. ७,५००च्या वर ते १२,००० मध्यम. पण बंदीची मूळ अधिसूचना शब्द न् शब्द वाचा. ‘जड व मध्यम’ किंवा ‘सर्व मालवाहू’ असं लिहिलं असेल तर हा मुद्दा गेला. गाडी रिकामी होती हे सांगून उपयोग नाही. वर्ग पासिंगवरून (आरसीत नोंदलेल्या वजनावरून) ठरतो, हौद्यात काय आहे त्यावरून नाही.

कलमबहाद्दर: त्याच्याही आधी, अधिसूचना कायदेशीर आहे का ते बघा. कलम ११५ला राजपत्रात प्रसिद्धी लागते आणि कलम ११६प्रमाणे योग्य जागी फलक लागतो. बंदी महिनाभराचीच असेल तर राजपत्र नको, स्थानिक प्रसिद्धी पुरते. गोची इथेच होते: महिन्याचा ‘प्रायोगिक’ आदेश राजपत्राशिवाय तसाच पुढे रेटला, तर त्याला आधार राहत नाही. माहिती अधिकारात (१० रुपयांचा स्टँप, ३० दिवसांत उत्तर) अधिसूचनेची प्रमाणित प्रत, राजपत्राची तारीख, फलकांच्या जागा आणि सूट दिलेल्या वाहनांची यादी मागा.

फलकाचा फोटो गाडी आली त्याच बाजूने काढा, वेळेची पट्टी वाचता आली पाहिजे. झाडाने झाकलाय, किंवा चौक ओलांडल्यावर दिसतो आणि तिथे ट्रक वळतच नाही, तर तेही टिपा.

‘१९४ फक्त ओव्हरलोडचं’ हा व्हॉट्सॲपी सल्ला सोडा. त्यात वजनाच्या कलम ११३, ११४ सोबत ११५ही आहे, म्हणून २०,००० बसतात. प्रतिटन २,००० तेवढे जादा मालावर. ११५ टिकलं नाही तर फार तर फलक न पाळल्याचं ११९/१७७ उरतं, पहिल्या वेळी ५००, असा युक्तिवाद करता येतो.

सहाचाकी: आणि मेसेज उशिरा आला त्याचं काय?

वजनकाटा: केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ला आलेल्या नियम ‘१६७-ए’प्रमाणे कॅमेऱ्याच्या चलानाची नोटीस १५ दिवसांत निघायला हवी. नंबरप्लेट स्पष्ट दिसणारा फोटो, तारीख, वेळ, ठिकाण, इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र, हे सगळं हवं, आणि उपकरणाचं मान्यता प्रमाणपत्र दरवर्षी नूतनीकरण केलेलं. हवालदाराच्या खासगी मोबाईलमधला फोटो असेल तर हे जरूर विचारा. उशिराचा मुद्दा लेखी मांडा, पण एकट्या त्याच्यावर विसंबू नका, मुख्य भिस्त वर्गावर ठेवा.

कलमबहाद्दर: नुसत्या दंडाच्या गुन्ह्याची न्यायालयाने दखल घ्यायची मुदत ६ महिने आहे (बीएनएसएस, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ५१४). पोर्टलवर थकबाकी दिसत राहिली म्हणून ती वाढत नाही. कारण पटलं तर न्यायालय ५१९खाली उशीर माफ करू शकतं, हेही ध्यानात ठेवा.

लोक अदालतीत रकमेची घासाघीस होते, चलान चुकीचं होतं का याचा निवाडा होत नाही. फिटनेस तोंडावर आहे, तेव्हा आधी वाहतूक शाखेला आरसीची प्रत जोडून लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. चलान व्हर्च्युअल कोर्टात (चलानांच्या ऑनलाइन न्यायालयात) गेलं असेल तर तिथे लढवण्याचा पर्याय निवडा, म्हणजे प्रकरण नेहमीच्या न्यायालयात जातं.