जपानला रोख येन लागतातच
फॉरेक्स कार्ड (परकीय चलन आधीच भरून ठेवलेलं कार्ड) असलं की रोख लागत नाही, हे जपानला तरी लागू नाही. क्योटोत देवळाचं तिकीट, गल्लीतलं रामेनचं दुकान (दाराशीच नोटा-नाणी घेणारं यंत्र!), स्टेशनवर सुइका कार्डात (रेल्वे-बसच्या भाड्याचं प्रीपेड कार्ड) पैसे भरणं, सगळीकडे नोटाच काढाव्या लागल्या. पण म्हणून सगळे येन इथूनच नेऊ नका, सेव्हन-इलेव्हन या दुकानांच्या साखळीतल्या एटीएममध्ये व्हिसा-मास्टरकार्ड चालतं. तिथे किंवा दुकानातल्या मशीनवर 'रुपये की येन?' असं विचारलं तर डोळे झाकून येन निवडा. रुपयांचा आकडा ओळखीचा वाटतो, पण येन-रुपयाचा दर मशीनवाल्यांनी लावलेला, आपल्याला महाग पडणारा असतो. पहिल्याच दिवशी मी फसलो. आणि नाण्यांना वेगळं पाकीट घ्या, तिथे ५०० येनचंही नाणं असतं, चिल्लर समजून उधळाल.