स्फोटानंतरचे सहा महिने: जवानाच्या मनाची तपासणी सक्तीची हवी का?

कोरेगावकरीण

माझा धाकटा भाऊ पायदळात आहे. दोन वर्षांपूर्वी काश्मीरमध्ये त्याच्या पुढच्या गाडीखाली आयईडी, म्हणजे पेरून ठेवलेला बॉम्ब, फुटला. त्याला ओरखडासुद्धा आला नाही. पुढच्या गाडीतल्यांना त्यानं आणि त्याच्या बडीनं, म्हणजे जोडीदार जवानानं, बाहेर काढलं. एमआय रूममध्ये, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यात, बीपी बघितलं, कान तपासले, दोन दिवस आराम दिला आणि तिसऱ्या दिवशी हा ड्यूटीवर. आठवड्यानं साहेबांनी विचारलं, "ठीक है?" हा म्हणाला, "ठीक है साब." आणि तेव्हा तो खरंच ठीक होता.

पाच महिन्यांनी सुट्टीवर आला तेव्हा आमच्याकडे गव्हाची मळणी चालू होती. मशीनचा पट्टा सटकला, मोठा आवाज झाला. वळून बघते तर हा बांधाआड पालथा, आणि माझ्या सात वर्षांच्या पोराला त्यानं अंगाखाली दाबून धरलेलं. पोरगं रडत होतं तरी सोडेना. रात्री अंगणात खाट टाकून गेटकडे तोंड करून बसायचा. सुट्टी संपली, परत गेला. पलटणीत कुणाला काही बोलला नाही.

मी स्वतः नर्स आहे. माझं म्हणणं असं, की स्फोट, चकमक, हिमस्खलन, सोबत्याची आत्महत्या, यातलं काहीही झालं तर तिथं हजर असलेल्या प्रत्येकाची महिन्यानं, मग तीन ते सहा महिन्यांनी आणि पुन्हा वर्षानं तपासणी व्हावी. मागेल त्याची नाही, सगळ्यांची. अमेरिकेत इराकहून परतलेल्या ८८,२३५ सैनिकांचा अभ्यास २००७ मध्ये छापून आला. परतल्या परतल्या भरून घेतलेल्या फॉर्मपेक्षा काही महिन्यांनी पुन्हा विचारल्यावर त्रास सांगणारे जास्त निघाले. आपण पहिल्या आठवड्यात विचारतो आणि वही मिटतो.

निवृत्त_सुभेदार_माण

ताई, भावाचं वाचून वाईट वाटलं. पण सक्तीला माझा विरोध आहे, आणि तो २८ वर्षांच्या नोकरीतून आलेला आहे.

फौजेत मेडिकल कॅटेगरी 'शेप' या पाच अक्षरांवर चालते. त्यातलं पहिलंच अक्षर, एस, मनाचं. ते एस-वनवरून खाली गेलं की जवान लो मेडिकल. प्रमोशन अडतं, चांगली पोस्टिंग अडते, हातातलं हत्यार जातं. हत्यार गेलेल्या जवानाकडे बराकीत लोक कसे बघतात ते मी पाहिलंय. हे प्रत्येक रंगरुटाला ठाऊक असतं. तुम्ही सक्तीचा फॉर्म द्या, शंभरातले शंभर जण "झोप चांगली लागते" असंच लिहितील. कागद पूर्ण, माणूस आहे तिथंच.

आमच्या वेळी काय होतं ते सांगतो. कारगिलच्या साली द्रासमध्ये माझ्या सेक्शनमधला एक पोरगा गेला. त्याची काळी पेटी बांधायला आम्ही चौघं बसलो. यादी करायची असते, घरी पाठवायचं असतं सगळं. दाढीचं सामान, आईची पत्रं, नवीन बनियनची जोडी. ती पेटी बांधायला दोन तास लागले आणि त्या दोन तासांत आम्ही जेवढं बोललो, रडलो, तेवढं कुठल्या डॉक्टरपुढं बोललो नसतो. पलटण हेच औषध आहे. बाहेरचा माणूस मध्ये आणला की जवान तोंड मिटतो.

पुणे_मनोविकार

मी मनोविकारतज्ज्ञ आहे, माजी सैनिक रुग्ण बरेच पाहते. सुभेदार साहेब, पेटीचा प्रसंग मी विसरणार नाही. आणि एका बाबतीत शास्त्र तुमच्याच बाजूचं आहे. घटनेनंतर लगेच सगळ्यांना बसवून एकदाच "मन मोकळं करा" म्हणण्याची पद्धत एके काळी जगभर होती. २००२ साली या पद्धतीवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला. अशा एका बैठकीनं पुढचा आजार टळत नाही, काहींना उलट अपाय होऊ शकतो, असं त्यात दिसलं. म्हणून बोलण्याची सक्ती नको. विचारण्याची सक्ती मात्र हवी.

ब्रिटनच्या रॉयल मरीन्सनी 'ट्रिम' नावाची पद्धत काढली. त्यात बाहेरचा डॉक्टर येतच नाही. युनिटमधलेच काही जण शिकवून तयार करतात. तेच घटनेनंतर साधारण तीन दिवसांनी भेटतात आणि महिन्यानं पुन्हा भेटतात. त्रास वाढलेला दिसला तरच पुढे पाठवतात. म्हणजे तुम्ही पेटीपाशी जे केलंत तेच, फक्त महिन्यानं परत एकदा बसायचं, आणि काय बघायचं ते माहीत असलेल्या माणसानं बसायचं. कारण आपला जवान "मन बिघडलंय" असं म्हणत येत नाही. डोकं जड आहे, छातीत धडधडतं, पोटात आग पडते, असं म्हणत येतो आणि ॲसिडिटीची गोळी घेऊन जातो.

बेळगावकर

सगळेच स्फोटावर बोलताय. बराकीतला जवान कशानं खचतो? भावकीनं बांध कोरला, तलाठी दाद देत नाही, बायकोचं आणि आईचं पटत नाही, पोराला ताप आणि सुट्टी नामंजूर. सरकारही संसदेत आत्महत्यांची कारणं सांगताना घरगुती अडचणींचा उल्लेख करत आलंय. समुपदेशकावर पैसा घालण्यापेक्षा सुट्टी वेळेवर द्या, आणि सीओचं, म्हणजे पलटणीच्या प्रमुखाचं, पत्र तहसीलदारानं गंभीरपणे घ्यावं असं काहीतरी करा. अर्धी डोकी आपोआप ताळ्यावर येतील. तपासणीचा थाट मला तरी पळवाट वाटते.

कोरेगावकरीण

बेळगावकर दादा, सुट्टीचं शंभर टक्के मान्य. पण माझ्या भावाला सुट्टी मिळाली होती, बांधाचं भांडण नाही, घरात सगळं गोडीत आहे. तरी तो रात्रभर गेटकडे बघत होता. त्याला कुठल्या रकान्यात घालणार? आणि ज्याला झोप नाही त्याचं बायकोशी भांडण होणारच. मग कागदावर कारण "घरगुती" असं पडतं.

आमच्या जिल्ह्यातल्या अपशिंग्यात पहिल्या महायुद्धात गेलेल्या ४६ जणांचं स्मारक आहे. लहानपणी शाळेनं नेलं होतं. त्या लढाईतून जे परत आले ते रात्री कसे झोपत होते, हे कुणी विचारल्याचं मी गावात कधी ऐकलं नाही.

जतचा_एक_बाप

माझा मुलगा अग्निवीर आहे. तुमची ही सगळी चर्चा पलटणीत राहणाऱ्यांची चाललीय. चार वर्षांनी चारातला एक राहणार, तीन घरी. पहिल्या तुकड्यांची चार वर्षं २०२६ च्या अखेरीपासून भरत येतात. माजी सैनिकांसाठी २००३ पासून ईसीएचएस ही उपचारांची योजना आहे, ती यांना नाही. चौथ्या वर्षी पोरानं काही भयंकर बघितलं आणि त्रास घरी आल्यावर सुरू झाला, तर वर्षानंतरची तपासणी करणार कोण? तिथं सुभेदार नाही, बडी नाही, एमआय रूम नाही. जतमध्ये मी आहे आणि त्याची आई आहे.

पुणे_मनोविकार

जतचे दादा, तुमचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात अवघड आहे. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर कुणालाही चालतो. १ डिसेंबर २०२३ ला पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात, सैन्यदलं आणि त्यांच्या कुटुंबांसाठी त्याचा खास कक्षही सुरू झाला. पण तिथं फोन त्रास असलेल्यानंच करायचा असतो, आणि तेच तर होत नाही. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून वर्षभरात दोन फोन जावेत, ही माझी मागणी आहे.

निवृत्त_सुभेदार_माण

डॉक्टर मॅडम, महिन्यानं पुन्हा बसायचं आणि पलटणीतल्याच माणसानं बसायचं, हे मला पटतं. माझा विरोध तेवढा कमी झाला असं समजा. पण पोरगं जे बोलेल ते एस-फॅक्टरमध्ये जाणार का? जाणार असेल तर माझं पहिलंच मत कायम.

पुणे_मनोविकार

जाऊ नये. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा गोपनीयतेचा हक्क देतो. दुसऱ्या कुणाला इजा होण्याचा धोका असेल तिथं अपवाद आहे. झोप लागत नाही, दचकायला होतं, एवढ्यावर कॅटेगरी बदलू नये. स्वतःच्या किंवा सोबत्याच्या जिवाला धोका दिसला तरच वर कळवावं.

निवृत्त_सुभेदार_माण

मॅडम, ती रेषा दवाखान्यात आखायला सोपी आहे. रात्री दोनला पोस्टवर त्याच्या हातात भरलेली रायफल असते आणि शेजारी मी झोपलेला असतो. मला कळायला हवं की नको? कळलं तर मी त्याला पोस्टवरून काढणार, आणि काढलं की दुसऱ्या दिवशी सगळ्या कंपनीला कळणार. याचं उत्तर माझ्याकडं नाही.

कोरेगावकरीण

भाऊ पुढच्या महिन्यात येतोय. हेच त्याला विचारते: तुझ्या सुभेदाराला कळलेलं चालेल, की अनोळखी डॉक्टरला?

निवृत्त_सुभेदार_माण

विचारा. पण घरात नको, आईसमोर तर नकोच. संध्याकाळी मळ्यात घेऊन जा, त्याच्या हाताला काहीतरी काम द्या आणि मग विचारा.